डाव्या पायाची साथ

मारुती मंदिरच्या थांब्यावर शहर बसमधून उतरताना उमा मुळ्येचा उजवा पाय रस्त्याला टेकला आणि गुडघ्याच्या मागे, जिथे आपलं काही असतं याची एरवी आठवणही होत नाही अशा त्या खोलगट जागेत, काहीतरी दाबलं गेलं. दुखलं असं तिला म्हणता आलं नसतं. कुणीतरी आतून अंगठ्याने दाबून पाहावं आणि लगेच बाजूला व्हावं, तसं. मागची बाई पुढे व्हा म्हणाली, म्हणून ती पुढे झाली, पर्स सावरली आणि पोस्टाकडे चालायला लागली. खिडकीमागच्या ज्या उंच स्टुलावर ती कित्येक वर्षं बसत आली होती त्याची कड धारदार आहे आणि ती बरोबर गुडघ्याच्या मागे लागते, हे तिला त्या दिवशी कळलं. रजिस्टरची पाकिटं तोलताना, तिकिटं फाडून देताना ती सारखी पाय पुढे-मागे करत राहिली. शेजारच्या खिडकीवर कॉम्प्युटर बसवायचं काम चाललं होतं, जमिनीवर वायरी पसरल्या होत्या. त्या ओलांडायला तिने उजवा पाय उचलला तर तो पुरता वाकेना. संध्याकाळी घरी आल्यावर न्हाणीघराचं दार लावून, साडी वर घेऊन तिने हात मागे नेला. पिकलेल्या रतांब्याच्या, कोकमाच्या फळाच्या, सालीला ताण असतो पण आत सगळं पातळ असतं, तसं काहीतरी तिथे होतं. दाबलं की आत जाई, सोडलं की परत जागेवर येई. भिंतीला धरून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. आपल्या शरीरात आपल्याला न विचारता कुणीतरी राहायला आलं आहे, याचा तिला आधी राग आला. भीती मागाहून आली.

पहिले काही आठवडे तिने कुणाला सांगितलं नाही. त्या दुखण्याच्या तऱ्हा मात्र तिला पाठ होत गेल्या. सकाळी ते नसल्यासारखंच असे. दुपारी स्टुलावर बसून बसून ते भरत जाई, आणि संध्याकाळी पाय पूर्ण सरळ केला तरी ताण, पूर्ण वाकवला तरी ताण. मधल्या कुठल्यातरी एका कोनात तेवढं बरं वाटे, आणि त्या कोनात माणसाला धड उभंही राहता येत नाही नि बसताही येत नाही. झाडगावातलं त्यांचं घर रस्त्यापासून खाली होतं, जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून जावं लागे. चढताना विशेष काही होत नसे. उतरताना मात्र अंगाचं वजन खालच्या पायरीवर जाई आणि मागे सगळं पिळून निघे. विळीवर बसणं तिने सोडलं आणि ओट्याशी उभी राहून सुरीने चिरायला लागली. सुरीने चिरलेली भाजी वेगळी लागते, असं रघुवीर एकदा जेवताना म्हणाला, तेव्हा तिने आमटी वाढायचं निमित्त करून पाठ फिरवली. रघुवीर, तिचा नवरा, हायस्कुलात चित्रकला शिकवत असे. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेला, मोजकं बोलणारा माणूस. पण आयुष्यभर मुलांच्या वह्यांतले चुकलेले खांदे आणि हात दुरुस्त केल्यामुळे त्याच्या नजरेतून असलं काही सुटत नसे. एका संध्याकाळी पाखाडी उतरताना तो तिच्या मागे होता.

"तू उजवा खांदा पाडून चालत्येस," तो म्हणाला.

काही नाही, चप्पल लागत्ये, असं ती म्हणाली. घरात आल्यावर त्याने तिला दारातल्या उजेडात पाठमोरं उभं केलं आणि दोन्ही पायांकडे पाहत राहिला. डाव्या गुडघ्याच्या मागे नेहमीचा खळगा होता. उजवीकडे तो भरून आला होता.

"इथे सावली पडायला हवी गो," तो हळूच म्हणाला. "पडत नाहीये."

डॉक्टर पाध्यांनी तिला पालथं झोपवलं, चाचपून पाहिलं, खोलीतला दिवा मालवून एक छोटी बॅटरी त्वचेला टेकवली आणि रघुवीरला जवळ बोलावलं. गाठ आतून तांबूस उजळली होती. घट्ट काही नाही, पाणी आहे, डॉक्टर म्हणाले. वाईट रोगातलं नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. याला बेकर्स सिस्ट म्हणतात, बेकर हे एका जुन्या डॉक्टरचं नाव, बेकरीशी काही संबंध नाही. गुडघा आतून झिजायला लागला की सांधा जास्तीचं वंगण तयार करतो, ते मागच्या बाजूला वाट काढतं आणि तिथल्या पिशवीत साठत राहतं. सुईने काढता येतं, पण गुडघा आहे तसाच राहिला तर परत भरतं. ऑपरेशन करता येतं, त्यानंतरही कधीकधी परत येतं. मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, चढउतार कमी, मांडीचे स्नायू घट्ट करायचे व्यायाम रोज. उमा सगळं ऐकत होती आणि तिला एकच गोष्ट विचारायची होती. ती पायपेटी वाजवते, हे तिने सांगितलं. डॉक्टरांना आधी उलगडा झाला नाही. तिच्या नाट्यमंडळाच्या नाटकांना ते नेहमी येत, पण रंगमंचासमोर खाली बसलेल्या ऑर्गनवाल्या बाईची प्रेक्षकांतून फक्त पाठ दिसते. मग तिने खुर्चीवर बसल्या बसल्या पाय जमिनीवर टेकून दाखवलं, एक खाली, एक वर, एक खाली, एक वर.

"नाटकभर?" त्यांनी विचारलं.

"नाटकभर. पाय थांबला की सूर थांबतो."

काही महिने तरी हे बंद ठेवा, असं ते म्हणाले. तिने मान हलवली. त्या दिवशी त्यांनी सुईने पाणी काढलं. पिवळसर, दाट, मधासारखं ओघळणारं. घरी येताना पाखाडी तिने न थांबता उतरली आणि खाली पोचल्यावर मागे वळून रघुवीरकडे पाहिलं. पण मान हलवताना काय कबूल केलं हे तिच्या आत पोचलंच नव्हतं. पायपेटी बंद ठेवायची, म्हणजे नेमकं काय बंद ठेवायचं? तिला आठवत होते ते अण्णांचे पाय. तिचे वडील, ज्यांना सगळी रत्नागिरी अण्णा म्हणत असे, तरुणपणी एका नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडले, आणि कंपनी बुडाल्यावर तिथली पायपेटी बैलगाडीत घालून इथे आले. माजघराच्या दारात बसून ती त्यांना वाजवताना पाही तेव्हा ती इतकी लहान होती की तिचे डोळे पेडलच्या उंचीला येत. त्यांचे हात तिला दिसतच नसत. दिसत ते पाय, अनवाणी, टाचेला भेगा पडलेले, धोतराच्या काठाखाली चालणारे; चालणारे पण कुठेच न जाणारे. बाकीच्या घरात जे काही चाललं असेल, आजारपण, भांडण, आईचं न बोलणं, ते सगळं त्या पायांच्या लयीवर तोलून धरलेलं आहे असं तिला वाटे. भात्यातून हवा आत-बाहेर होताना लाकडाच्या पोटात एक सुस्कारा येई, सुराच्या आधी. पुढे तिने पुष्कळ मोठमोठी माणसं ऐकली, पण संगीत म्हटलं की अजूनही तिच्या कानात पहिल्यांदा तो सुस्काराच येई. त्यांनी तिला शिकवलं तेही पायांपासून. हात नंतर, ते म्हणत. बोटं काय, कुणाचीही चालतात.

मंडळाच्या तालमी तेव्हा सुरू झाल्या होत्या. हिवाळ्यात स्पर्धा असे, आणि दिग्दर्शक बाळा सुर्वे दरवर्षीप्रमाणे दिवाळीच्या आधीच जुनं नाटक काढून बसला होता. बाळाचा बंदरावर होड्यांना बर्फ पुरवायचा व्यवसाय होता. दिवसभर भुशात आणि बर्फात हात घालून तो संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये येई आणि त्याच गार हातांनी नटांचे खांदे धरून त्यांना जागेवर उभं करी. उमापेक्षा तो लहान, तिला वैनी म्हणे, आणि तिच्याशिवाय त्याने एकही नाटक केलं नव्हतं. यंदा नायिकेच्या कामाला मनस्विनी होती, कॉलेजात शिकणारी, आवाज मोकळा पण वरच्या सुरावर जाताना घाबरणारी मुलगी. तिसऱ्या अंकात तिचं एक अवघड पद होतं. तिथे ऑर्गनने मागे भिंतीसारखं उभं राहावं लागे, तेव्हा ती पाठ टेकून वर जाई. उमाच्या पायपेटीला उजव्या गुडघ्याने बाजूला रेटायची एक लाकडी पट्टी होती, ती रेटली की आवाज मोठा होई. म्हणजे उजव्या पायाने पेडलही मारायचं आणि त्याच गुडघ्याने पट्टीही रेटायची. इतकी वर्षं तिच्या हे कधी लक्षातही आलं नव्हतं. आता प्रत्येक तालमीत तिचं अर्धं मन सुरात असे आणि अर्धं त्या मागच्या जागेत, जिथे पुन्हा हळूहळू भरायला लागलं होतं. पहिल्या अंकाला गाठ सुपारीएवढी, दुसऱ्याला आवळ्याएवढी. कुणाला दिसू नये म्हणून ती नऊवारी नेसल्यासारखी साडी गुडघ्याशी घट्ट ओढून बसे, आणि चहाच्या वेळी सगळे उठले की आपण तिथेच पुस्तक चाळत बसल्यासारखं करी. रघुवीरला माहीत होतं. एका रविवारी त्याने सुताराकडून तिच्या स्टुलाचे पाय थोडे उंच करून आणले.

ते झालं एका तालमीत, मनस्विनीच्या त्याच पदाच्या वेळी. ती वर जात होती, उमाने गुडघा पट्टीवर रेटला, आणि पोटरीत काहीतरी सुटलं. आवाज नव्हता, पण तिला ऐकू आल्यासारखं वाटलं. मग गरम पाणी आतल्या आत, कातडीच्या खालून, घोट्याकडे ओघळत गेलं. ती इतकी चकित झाली की पाय थांबले. सूर खाली बसला, कुणी दमून भिंतीला टेकत खाली बसावं तसा, आणि मनस्विनी एकटीच वर राहिली, मग तीही थांबली. सगळे वळून बघायला लागले. उमाने साडी थोडी वर केली. पाय कोरडा होता. काही दिसत नव्हतं आणि पोटरी मात्र बघता बघता दगडासारखी होत चालली होती. घरी बाळाने आणि रघुवीरने तिला दोन्ही बाजूंनी धरून पाखाडी उतरवली. सकाळपर्यंत पोटरी सुजून लाल झाली. डॉक्टर पाध्यांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. सिस्ट फुटली असेल, ते म्हणाले, पण शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पाय असाच दिसतो, आणि ती गुठळी वर फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल; वरून बघून दोन्हींतला फरक सांगता येणार नाही. तपासणीचं मशीन कोल्हापूरला होतं. जीपच्या मागच्या सीटवर पाय आडवा टाकून ती आंबा घाट चढली. रघुवीर पुढे बसला होता आणि दर वळणाला मागे वळून बघत होता. घाटात धुकं होतं. आपण मरणार असू तर काय राहून गेलं, असा विचार तिने मुद्दाम करून पाहिला, आणि तिच्या मनात एकच आलं, मनस्विनी वर एकटी राहिली होती ते. दुसरं काहीच आलं नाही. याची तिला थोडी लाजही वाटली, कारण समोर रघुवीरच्या मानेवरचे पांढरे केस हलत होते. कोल्हापूरच्या डॉक्टरने पोटरीवर गार जेल लावून पडद्यावर तिचं रक्त वाहताना दाखवलं, निळं नि तांबडं, कुठेही न अडलेलं. गुठळी नव्हती. पिशवी फुटून पाणी खाली उतरलं होतं, ते शरीर आपणच शोषून घेईल. जीपमध्ये परत बसल्यावर रघुवीरने रुमाल काढून चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसत राहिला.

पाय उशीवर ठेवून पडून राहायचं, एवढंच काम उरलं. घोट्याखाली निळा-काळा डाग उतरला आणि मग पिवळा होत गेला. बाळा आला तो बंदरावरून सुरमई घेऊन. मुळ्यांच्या घरात मासे खात नाहीत हे दारात आल्यावर आठवून त्याने पिशवी बाहेरच ठेवली. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्याने सांगितलं की उन्मेष म्हणून एक मुलगा आहे, गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्याच्याकडे कीबोर्ड आहे, त्यात ऑर्गनचा आवाज आहे, बटण दाबलं की येतो, पाय लागत नाही. हे सगळं तो तिच्याकडे न बघता, खिडकीतल्या अबोलीकडे बघत बोलला.

"वैनी, राग मानू नका. स्पर्धा जवळ आली म्हणून बोलतो. तुमचा पाय महत्त्वाचा."

ती रागावली नव्हती. मनस्विनीला विचारलंस का, एवढं तिने विचारलं. नाय अजून, तो म्हणाला. रविवारी सांगत्ये, असं सांगून तिने त्याला वाटेला लावलं, आणि तो गेल्यावर तालमीच्या हॉलमधून परत आणून समोरच्या भिंतीशी ठेवलेल्या पायपेटीकडे बघत पडून राहिली. अण्णांची बोटं थरथरायला लागली तेव्हा ते साठीच्या आतले होते. एका प्रयोगात त्यांच्या हातून एक चुकीचा सूर लागला, कुणाच्या लक्षातही आला नसेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी पायपेटीचं झाकण लावलं, त्यावर पलंगपोस घातला आणि मरेपर्यंत ते उचललं नाही. लोक म्हणत, कलावंत असावा तर असा, उतरलेलं कधी ऐकवलं नाही. लोकांचं ऐकून तीही तसंच म्हणत आली होती. पण त्या बंद पेटीशेजारी ते आरामखुर्चीत कसे बसत ते लोकांनी पाहिलं नव्हतं. पाय जमिनीवर टेकलेले, आणि कधीकधी, स्वतःलाही नकळत, एक खाली, एक वर. घरातलं सगळं त्या पलंगपोसाला वळसा घालून चाले. तिचा स्वतःचा रियाज त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती मैत्रिणीकडे जाऊन हार्मोनियमवर करी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं की अण्णांनी तेव्हा जे केलं त्यात अभिमान होता तसं भयही होतं, आणि ते भय आता तिच्याकडे आलं आहे. पाय गेला म्हणून ती घाबरलेली नव्हती. आपल्याकडून कमी ऐकू येईल, आणि ते लोक ऐकतील, याची भीती होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी रघुवीर शाळेत असताना ती उठली. भिंत, टेबल, दाराची चौकट असं धरत पायपेटीशी गेली. उंच केलेल्या स्टुलावर बसून उजवा पाय तिने लांब, बाजूला, एका पाटावर सरळ ठेवला आणि एकटा डावा पेडलवर. सूर आला तो बारीक, कापरा. प्रत्येक दाबामध्ये हवेला खळगा पडत होता आणि आवाज त्यात हिंदकळत होता. तिने झटकन दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. शेजारच्या अंगणात गंगुबाई भात वाळत घालत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. मग तिने पुन्हा सुरू केलं, आणि थांबायचं नाही असं ठरवून वाजवत राहिली. ते ऐकवत नव्हतं. ऐकवत नाही ते ऐकत राहणं, हाच रियाज झाला. हळूहळू तिला कळायला लागलं की डावा पाय आजवर अर्ध्या कामाचा धनी होता आणि म्हणून आळशी होता. तो खाली घाई करत होता आणि वर येताना झोपत होता. टाच टेकवून फक्त घोट्याने, लांबलचक दाब दिला की हवा पुरे. कमी सूर एका वेळी धरले की आणखी पुरे. जिथे ती सवयीने चार सूर धरत आली होती तिथे दोनांनी भागत होतं, कधी एका सुरानेही. संध्याकाळी रघुवीर आला तेव्हा ती घामाघूम होती. त्याने दारातच पिशवी खाली ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं. "खरं सांग."

"रेघ बारीक झाल्ये," तो म्हणाला. जरा विचार करून म्हणाला, "पण सुटत नाहीये."

रविवारी तिने बाळाला कळवलं की ती येते आहे. तालमीला सगळ्यांसमोर, नेहमीसारखी पुस्तकामागे न लपता, तिने सांगितलं की गुडघ्याच्या मागे असं असं झालं आहे, ते पुन्हा भरणार आहे, उजवा पाय चालणार नाही, मोठा आवाज येणार नाही. बोलून झाल्यावर हॉल आधीसारखाच होता, पंखा तसाच फिरत होता, कुणीतरी चहा आणला. बाळा डोकं खाजवत राहिला. मनस्विनी मात्र रडवेली झाली. तिचं पद मागच्या बाजूला, खिडकीच्या नेपथ्याशी उभं राहून होतं. तिथे तिला ऑर्गन ऐकूच येणार नाही, ती म्हणाली. तिला पुढे आणता येणार नाही, बाळाने सांगितलं, प्रकाशाचं सगळं ठरलं आहे. उमाने मनस्विनीला शेजारी बसवून घेतलं. तुला टेकायला आता भिंत नाही, तिने समजावलं, एक काठी आहे. काठी धरून चालायचं तर जरा सावकाश चालावं लागतं. रोज तालमीनंतर दोघी ते पद करत राहिल्या. मुलगी वर जाताना अजून घाबरत होती, पण आता घाबरली की जोर करायच्या ऐवजी ऐकत होती.

प्रयोगाच्या दिवशी गाठ पुन्हा भरलेली होती. उमाने सकाळी हात लावून पाहिलं आणि साडी नेसली. नांदी बरी गेली. पहिला अंक, दुसरा अंक. डावी पोटरी पेटायला लागली, उजवा पाय पाटावर नुसता ठेवूनही ठणकत होता, जणू आपल्याला कामातून काढल्याचा त्याला राग होता. तिसऱ्या अंकात खिडकीवर निळा उजेड पडला आणि मनस्विनी गायला लागली. पहिल्या ओळीनंतर डाव्या पायात गोळा आला. पेडल अर्ध्यातच राहिलं, हवेला खळगा पडला, सूर उघड उघड खाली बसला. पुढच्या रांगेत कुणीतरी मान वळवली. उमाचे कान गरम झाले. झाकण लावून टाकायची इच्छा तिच्या हातापर्यंत येऊन पोचली, तिला ती बोटांत जाणवली. तिने टाच पुन्हा टेकवली, गोळ्यासकट पाय खाली दाबला, आणि एकच सूर धरला, षड्ज, बारीक. बाकी सगळं सोडून दिलं. वर बघायला तिला सवड नव्हती, म्हणून काय झालं ते तिला आधी कळलं नाही. एवढंच कळलं की आवाज जवळ येतो आहे. मनस्विनी खिडकी सोडून निघाली होती. गात गात, निळ्या उजेडातून बाहेर, अर्ध्या काळोखातून रंगमंच तिरका ओलांडत ती डावीकडे पुढच्या कडेपर्यंत, अगदी पायपेटीच्या वर येऊन थांबली. विंगेत बाळाने हात वर केला होता, तो त्याने तसाच धरून ठेवला, मग खाली घेतला. मुलीने आवाज इतका लहान केला की त्या एका सुराखाली तो मावेल, आणि तिथून, त्याच लहान आवाजात, ती वर गेली. खुर्च्यांची करकर थांबली. ऐकण्यासाठी लोक पुढे झुकले होते. हे उमाला पाठीने कळलं. तिने पाय चालू ठेवला.

साथीचं बक्षीस चिपळूणच्या मंडळाला गेलं. नाटकाला तिसरा क्रमांक मिळाला आणि परीक्षकांनी बोलताना तिसऱ्या अंकातल्या त्या काळोखात चालत येण्याचं फार कौतुक केलं, दिग्दर्शकाने ते योजलेलं आहे असं समजून. बाळा टाळ्यांत उभा राहिला आणि घरी पोचवायला आला तेव्हा पाखाडीच्या तोंडाशी म्हणाला की ते त्याचं नव्हतं. उमा म्हणाली, आता तुझं म्हण. डॉक्टर पाध्ये रागावले, सुईने पाणी काढलं, व्यायाम करते ना म्हणून विचारलं. ती करत होती. गुडघ्याच्या मागचा पाहुणा जाणारा नव्हता, कधी सुपारीएवढा, कधी रतांब्याएवढा होऊन राहणार होता. ऑपरेशनचं उन्हाळ्यानंतर बघू असं ठरलं, आणि मग ते तसंच ठरलेलं राहिलं. पोस्टात तिने साहेबांकडून पाठीची खुर्ची मागून घेतली. मागायला इतकी वर्षं का लागली, याचा तिने विचार करून पाहिला आणि सोडून दिला.

शिमग्यानंतर सावर्ड्याला एका शाळेच्या पटांगणात त्याच नाटकाचा प्रयोग होता. टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा तिला दिली होती, पाय लांब करायला. उतरल्यावर तिचं चालणं पाहून तिथल्या समितीतले एक गृहस्थ पुढे आले आणि ताई, कशाला त्रास घेता, आमच्याकडे हार्मोनियम आहे, छान मांडी घालून बसा, म्हणाले. मांडीच घालता येत नाही, तिने सांगितलं, आणि ते ओशाळले तशी तिने त्यांना पाट आणायचं काम दिलं. स्टेजवर बाळा गुडघ्यांवर बसून खडूने एक फुली काढत होता, डावीकडे, पुढच्या कडेला, पायपेटीच्या अगदी वर. मनस्विनी तिथे उभी राहून पाहत होती. कनातीपलीकडे लोक सतरंज्यांवर जागा धरत होते. उमा स्टुलावर बसली. दुपारपासून गाठ टणक झाली होती, प्रवासाने असेल. सरळ ठेवलेल्या पायातून वर मांडीपर्यंत एक कळ येई, थांबे, पुन्हा येई. बाळा हातावरचा खडू झाडत तिच्या वर, स्टेजच्या कडेशी आला.

"वैनी, पाय कसा हाय?"

"दुखतोय," ती म्हणाली. "दे घंटा."